आमिषाविना सापळा : संशोधनासाठी कीटक कसे गोळा केले जातात

कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला कीटकांचा सापळा नवा नाही. गुलाबी बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी शेतात कामगंध सापळे लावायचे, त्यांत अडकलेले नर पतंग रोज मोजायचे, आणि सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले की किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजून उपाय योजायचे, ही पद्धत कृषी विभागाच्या पत्रकांतून गावोगाव पोचली आहे. या सापळ्यात मादीच्या गंधाचे आमिष असते आणि त्या आमिषाला एकाच जातीचे नर भुलतात. शेतकऱ्याला खबर एकाच किडीची हवी असल्यामुळे त्याच्या दृष्टीने हा सापळा अगदी योग्य आहे. मात्र एखाद्या जंगलात, माळरानावर किंवा ओढ्याकाठी एकूण कोणकोणते कीटक राहतात हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्या संशोधकाची गरज याच्या नेमकी उलट असते. ज्यांची नावे ठाऊक आहेत ते कीटक तर त्याला हवे असतातच, पण ज्यांना अजून नावही मिळालेले नाही तेही हवे असतात, आणि अशा अनोळखी जिवांसाठी आमिष ठरवणार तरी कसे?

म्हणून या कामासाठी निष्क्रिय सापळे वापरले जातात. असा सापळा कोणालाही बोलावत नाही. त्यात गंध नसतो, दिवा नसतो, खाद्य नसते. कीटक आपल्या कामासाठी ज्या वाटेने उडतात किंवा चालतात, त्या वाटेत तो ठेवलेला असतो आणि जो येईल त्याला अडवतो. हातजाळी घेऊन फिरणारा संग्राहक कितीही कसलेला असला तरी त्याची नजर मोठ्या, रंगीत आणि उन्हात वावरणाऱ्या कीटकांकडे वळते. दोन मिलिमीटर लांबीची काळी माशी किंवा पहाटे उडणारे चिलट त्याच्या हाती क्वचितच लागते. शिवाय दोन माणसांनी एकाच ठिकाणी तासभर जाळी फिरवली तर दोघांच्या बाटल्या सारख्या नसतात, कारण प्रत्येकाचा हात, वेग आणि आवड वेगळी असते. सापळ्याला आवडनिवड नसते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. त्याच्या मर्यादाही आहेत, आणि त्या समजून घेतल्याशिवाय त्याच्या आकड्यांना हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्याकडे पुढे वळू.

उडणाऱ्या कीटकांसाठी जगभर सर्वाधिक वापरला जाणारा निष्क्रिय सापळा स्वीडनचे कीटकशास्त्रज्ञ रेने मालेझ यांच्या नावाने ओळखला जातो. प्रवासात तंबूत राहताना त्यांच्या एक गोष्ट वारंवार लक्षात आली होती. तंबूत शिरलेले कीटक उघड्या दारातून परत जात नसत. ते छताच्या कोपऱ्यात जमून तिथूनच बाहेर पडण्याची धडपड करत राहत. एकदा तंबूच्या वरच्या कोपऱ्यात कापड फाटून लहानसे भोक पडले होते, तर सारे कीटक त्या भोकातून निघून गेले. यावरून त्यांना सुचले की कापडाचा अडथळा उभा करून त्याच्या सर्वांत उंच कोपऱ्यात भोक ठेवले आणि त्या भोकाला बाटली जोडली, तर जाळी घेतलेल्या कोणत्याही माणसापेक्षा हे साधन अधिक कीटक पकडेल. १९३३ ते १९३५ या काळात ब्रह्मदेशात केलेल्या मोहिमेत त्यांनी असे सापळे वापरले आणि सुमारे एक लाख कीटकांचा संग्रह घेऊन ते परतले. सापळ्याचे वर्णन त्यांनी १९३७ साली प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेतील हेन्री टाउन्स यांनी, जे स्वतः परजीवी गांधीलमाश्यांचे अभ्यासक होते, १९७२ साली त्याची हलकी, वाहून नेण्यास सोपी आवृत्ती मांडली, आणि आज विकत मिळणारे बहुतेक मालेझ सापळे त्याच रचनेचे असतात.

या सापळ्याचे काम समजण्यासाठी त्याची बांधणी नीट पाहायला हवी. मध्ये बारीक जाळीच्या कापडाची उभी भिंत असते, बहुधा काळ्या रंगाची, म्हणजे उडत्या कीटकाला ती सहज दिसत नाही. तिच्यावर दोन्ही बाजूंना उतरते छत असते, बहुधा पांढरे. छताचा कणा एका टोकाला बुटका आणि दुसऱ्या टोकाला माणसाच्या उंचीच्या आसपास असतो, आणि उंच टोकाला इथेनॉल भरलेली बाटली जोडलेली असते. भिंतीला धडकलेली माशी किंवा गांधीलमाशी खाली किंवा मागे वळण्याऐवजी सहसा वर चढते आणि उजेडाकडे जाते, कारण संकटातून सुटण्याची तिची उपजत रीत हीच आहे. चढता चढता छत तिला कण्याकडे नेते, कणा उंच टोकाकडे नेतो, आणि तिथला एकमेव उजळ मार्ग बाटलीत उघडतो. इथे लक्षात येईल की हा सापळा आमिष दाखवत नसला तरी कीटकाच्या एका स्वभावावर पूर्णपणे विसंबलेला आहे. ज्यांचा स्वभाव तसा नाही ते यात सापडत नाहीत. बरेचसे भुंगेरे काही आडवे आले की पंख मिटून सरळ खाली पडतात, त्यामुळे मालेझ सापळ्यात माश्या, चिलटे, गांधीलमाश्या आणि मधमाश्यांची गर्दी असली तरी भुंगेरे त्या मानाने कमी असतात. फुलपाखरे आणि पतंग येतात, पण त्यांचे पंखांवरचे खवले द्रवात भिजून झडतात आणि नमुने ओळखण्यापलीकडे जातात.

सापळा कुठे आणि कसा उभा करायचा यावर निम्मे यश अवलंबून असते. रानाची कड, ओढ्याचे पात्र, झाडीतून जाणारी पायवाट अशा ठिकाणी कीटकांची ये-जा ठरलेल्या मार्गाने होते. तिथे सापळ्याची भिंत त्या मार्गाला आडवी लावतात. बाटलीचे टोक सर्वाधिक उजेडाच्या दिशेला असावे असा नियम आहे, आणि उत्तर गोलार्धातल्या सूचनांमध्ये ते दक्षिणेला ठेवण्यास सांगितलेले असते. महाराष्ट्रात ही सूचना जशीच्या तशी पाळू नये. आपल्याकडे मे महिन्यातल्या शून्य सावलीच्या दिवसानंतर जुलैतल्या किंवा ऑगस्टच्या सुरुवातीच्या दुसऱ्या तशा दिवसापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, आणि दाट झाडीत तर दिशेपेक्षा मोकळे आकाश कोणत्या बाजूला आहे हे अधिक महत्त्वाचे ठरते. जागेवर उभे राहून उजेड पाहावा आणि मग खुंट्या ठोकाव्यात.

सापळा एकदा उभा केला की काम संपत नाही. आमिष नसलेला सापळाही इतरांना खाद्याची जागा वाटतो. कोळी त्याच्या तोंडाशी जाळी विणतात आणि बाटलीपर्यंत पोचण्याआधीच कीटक फस्त करतात. मुंग्या ताणाच्या दोऱ्यांवरून चढून वर जातात, म्हणून दोऱ्यांना ग्रीस किंवा व्हॅसलीन लावावे लागते. खालचे गवत वाढून भिंतीला टेकले की अडथळ्याची उंचीच बदलते. विदर्भातल्या उन्हाळ्यात इथेनॉल झपाट्याने उडते आणि नमुने वाळतात. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात कापडाला शेवाळ आणि बुरशी धरते, छताचा पांढरेपणा जातो आणि त्याबरोबर उजेडाचे गणितही बदलते. द्रव किती तीव्र ठेवायचा हाही निर्णयच असतो. सुमारे ७० टक्के इथेनॉलमध्ये कीटकांचे पाय आणि शृंगिका मऊ राहतात आणि मायक्रोस्कोपखाली तपासणे सोपे जाते. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्क्यांच्या आसपासचे लागते, पण त्यात नमुने कडक होऊन मोडू लागतात.

आणि बाटलीत पडणारी चिठ्ठी. जाड कागदाच्या लहानशा तुकड्यावर राज्य, जिल्हा, गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, सापळा लावल्याची आणि बाटली काढल्याची तारीख, सापळ्याचा प्रकार आणि गोळा करणाऱ्याचे नाव एवढे सारे पेन्सिलीने लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या आत, कीटकांबरोबर द्रवात टाकायची असते. पेन्सिलच का, तर बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि थोड्याच दिवसांत कोरा कागद उरतो. आतच का, तर बाहेर चिकटवलेले लेबल द्रव सांडला की निघून येते. चिठ्ठी नसलेली बाटली म्हणजे हजारो जीव मारून हाती काहीच न लागणे होय. नवख्या विद्यार्थ्यांना मी सापळा शिवायला शिकवण्याआधी चिठ्ठी लिहायला शिकवावे असे म्हणेन.

जमिनीवर चालणाऱ्या कीटकांसाठी याहून साधे साधन आहे. एक प्याला किंवा डबा जमिनीत असा पुरायचा की त्याची कड मातीच्या पृष्ठभागाशी तंतोतंत जुळेल. रात्री हिंडणारे शिकारी भुंगेरे, मुंग्या, रातकिडे आणि कोळी चालता चालता त्यात पडतात. गुहांतल्या कीटकांसाठी असे सापळे कसे वापरावेत याविषयी अमेरिकेच्या एच. एस. बार्बर यांनी १९३१ साली लिहिले, आणि जर्मन भाषेत हा सापळा आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. साधेपणामुळे हा सापळा निष्काळजीपणे लावण्याचा मोह होतो. प्याल्याची कड मातीच्या किंचित वर राहिली तर भुंगेरा तिला वळसा घालून निघून जातो. वर थोड्या उंचीवर पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे छप्पर नसेल तर आपल्या पावसात प्याला एका रात्रीत भरून वाहतो. बेडूक, पाली, चिचुंद्र्या पडू नयेत म्हणून तोंडावर जाळी बसवावी लागते. द्रवही विचारपूर्वक निवडावा लागतो : मोटारगाडीच्या कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जनावरांना विषारी असते, त्यामुळे त्याऐवजी प्रोपिलीन ग्लायकॉल वापरणे शहाणपणाचे आहे. शिवाय खड्डा खणल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत अनेकदा नेहमीपेक्षा जास्त कीटक पडतात, कारण उकरलेली माती त्यांच्या हालचालीत बदल घडवते. म्हणून काही अभ्यासक प्याले पुरून आधी झाकून ठेवतात आणि माती निवल्यावरच उघडतात.

अडथळ्याला धडकून खाली पडणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी पारदर्शक पडद्याखाली द्रवाची पन्हळ ठेवलेला सापळा वापरतात. त्याच जातकुळीतल्या पिवळ्या ताटल्या मात्र निष्क्रिय म्हणाव्यात की नाही याबद्दल मतभेद संभवतो. जर्मनीच्या फोल्कर मोरिके यांनी १९५१ साली मावा पकडण्यासाठी त्या वापरल्या. पिवळी ताटली, त्यात पाणी आणि पाण्याचा पृष्ठताण मोडण्यासाठी चार थेंब साबण, एवढेच साहित्य. पण पिवळा रंग मावा, पांढरी माशी आणि अनेक लहान परजीवी गांधीलमाश्यांना ओढून घेतो, म्हणजे आमिष तिथे आहेच. शेतात टांगलेले पिवळे चिकट सापळे याच गुणाचा उपयोग करतात. आजूबाजूला भरपूर फुले असतील तेव्हा ताटलीकडे येणारे कीटक कमी होऊ शकतात, त्यामुळे सड्यावर फुलांचा बहर असताना ताटल्या रिकाम्या राहिल्या म्हणून तिथे परागसिंचक कमी आहेत असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल.

इथे आपण मुख्य अडचणीपाशी येतो. बाटलीतले कीटक मोजले तर नेमके काय मोजले? एखाद्या नाक्यावर बसून दिवसभरात गेलेल्या गाड्या मोजल्या, तर त्या आकड्यावरून गावात किती गाड्या आहेत हे कळत नाही. दिवसातून दहा फेऱ्या मारणारी एक रिक्षा दहा वेळा मोजली जाते आणि अंगणात उभी असलेली मोटार एकदाही नाही. सापळ्याचेही तसेच आहे, एवढाच फरक की इथे पकडलेला कीटक पुन्हा येत नाही. वेगाने चालणारा भुंगेरा प्याल्यात पडण्याची शक्यता हळू चालणाऱ्यापेक्षा अधिक असते, मग दोघांची संख्या सारखी का असेना. उबदार रात्री सारेच अधिक हिंडतात आणि पकड वाढते. थंडी पडली की कीटक तितकेच असूनही प्याले रिकामे राहतात. म्हणून अभ्यासक या आकड्याला नुसती संख्या न मानता संख्या आणि हालचाल यांचा एकत्रित परिणाम मानतात. दोन वेगवेगळ्या जातींची तुलना त्यावरून करता येत नाही. त्याच जातीची, त्याच ठिकाणची, त्याच प्रकारच्या सापळ्याने केलेली दोन वर्षांची तुलना मात्र बऱ्याच विश्वासाने करता येते, आणि निष्क्रिय सापळ्याचे खरे मोल या पुनरावृत्तीत आहे. त्यासाठी सापळ्याचा आकार, कापडाची वीण, रंग, जागा आणि बाटली बदलण्याचा कालावधी या गोष्टी हट्टाने तशाच ठेवाव्या लागतात.

जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरातल्या कीटक अभ्यासकांच्या मंडळाने हा हट्ट दशकानुदशके पाळला. १९०५ साली स्थापन झालेल्या या मंडळात हौशी अभ्यासकांचा मोठा भरणा आहे. त्यांनी १९८९ पासून संरक्षित निसर्गक्षेत्रांत एकाच मापाचे मालेझ सापळे एकाच पद्धतीने लावले आणि बाटल्यांतल्या ऐवजाचे वजन केले. ओल्या कीटकांचे वजन करताना द्रव किती निथळू द्यायचा हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण त्यांनी त्याचाही नियम ठरवला होता : ऐवज तिरप्या धरलेल्या गाळणीवर ओतायचा, थेंब पडताना पाहत राहायचे, आणि दोन थेंबांमधले अंतर पहिल्यांदा दहा सेकंदांचे झाले की वजन घ्यायचे. अशा १,५०३ नमुन्यांच्या आधारे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ६३ क्षेत्रांमधून असे दिसले की २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन ७६ टक्क्यांनी घटले होते, आणि भर उन्हाळ्यात तर ही घट ८२ टक्के होती. जगभर कीटकांच्या ऱ्हासाची चर्चा या निबंधाने पेटली. त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात : बहुतेक जागांवर सापळे एक किंवा दोनच वर्षे लावले होते, सर्व नमुने एकाच देशाच्या एका भागातले होते, आणि घटीत हवामानाचा वाटा किती यावर पुढे अभ्यासकांमध्ये वाद झाला. तरीही हा वाद घालणे शक्य झाले ते थेंबाथेंबाचा नियम पाळणाऱ्या लोकांमुळे, याबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर वाटतो.

वजन करून कीटक ओळखले जात नाहीत. त्यासाठी बाटली उघडून प्रत्येक जीव गटवार वेगळा करावा लागतो आणि हे काम पकडण्याच्या कितीतरी पट वेळ खाते. २००३ ते २००६ या काळात स्वीडनने देशभर मालेझ सापळे लावले, तेव्हा सुमारे दोन कोटी कीटक जमा झाल्याचा अंदाज होता, आणि त्यांची छाननी त्यानंतर वर्षानुवर्षे चालली. ब्रिटनमधल्या लेस्टर शहरात प्राणिशास्त्रज्ञ जेनिफर ओवेन यांनी आपल्या घराच्या साध्या बागेत १९७२ पासून तीस वर्षे नोंदी ठेवल्या. मालेझ सापळा हे त्यांचे एक प्रमुख साधन होते, आणि तेवढ्या जागेत परजीवी गांधीलमाश्यांच्या एकाच कुळातल्या ५०० हून अधिक प्रजाती त्यांना आढळल्या. त्यांतल्या काही विज्ञानाला नव्या होत्या. या गांधीलमाश्या दुसऱ्या कीटकांच्या अळ्यांमध्ये अंडी घालतात, म्हणजे शेतकऱ्याचे मित्रकीटक ज्या गटातून येतात तो हा गट. २००३ नंतर, कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून प्राणी ओळखण्याची पद्धत मांडल्यावर, छाननीला वेग आला. अलीकडच्या अशा कामातून दिसले आहे की मालेझ सापळ्यांत सापडणाऱ्या प्रजातींपैकी निम्म्याहून अधिक प्रजाती केवळ वीसेक कुळांतल्या असतात, आणि त्यांतली निम्मी कुळे माश्या-चिलटांची आहेत. नेमके याच गटांचे जाणकार सर्वांत कमी आहेत. डीएनए प्रजाती वेगळी आहे एवढे सांगतो. तिचे वर्णन करणे, नाव देणे, ती काय खाते आणि कुठे वाढते हे शोधणे यासाठी माणूसच लागतो.

सापळ्यातले कीटक मरतात, आणि या गोष्टीकडे डोळेझाक करू नये. जी माशी दुर्बिणीने पाहून ओळखता येत नाही, जिचे नावच अजून ठरलेले नाही, तिचा अभ्यास नमुना हाती असल्याशिवाय होत नाही, हे खरे आहे. पण म्हणूनच सापळा गरजेपेक्षा एक दिवसही अधिक उभा ठेवू नये, ज्यांची छाननी होणार नाही अशा बाटल्या भरू नयेत, आणि आपल्या अभ्यासाचा विषय नसलेले कीटकही फेकून न देता त्या गटाच्या जाणकारापर्यंत पोचवावेत. भुंगेऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याच्या प्याल्यातले कोळी दुसऱ्या कोणाच्या तरी प्रबंधाचा पाया ठरू शकतात.

आपल्याकडे अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात सापळा लावायचा तर वन विभागाची लेखी परवानगी घ्यावी लागते. कुतूहलापोटी केलेले संकलनही त्याला अपवाद नाही. नवी प्रजाती सापडली तर २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार तिची माहिती सरकारने नेमलेल्या संग्रहसंस्थेला द्यावी लागते आणि नमुना तिथे जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही प्राण्यांसाठीची अशी संस्था असून तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डी येथे आहे. स्वतःच्या बागेत किंवा शेताच्या बांधावर साबणाच्या पाण्याची एखादी पिवळी ताटली ठेवून सुरुवात करू इच्छिणाऱ्याने ती सकाळी ठेवून संध्याकाळी उचलावी, कीटक बारीक गाळणीने गाळून इथेनॉलमध्ये घालावेत, आणि त्याच वेळी, दुसऱ्या दिवसावर न ढकलता, पेन्सिलीने चिठ्ठी लिहून बाटलीत टाकावी.